मुर्डीचे रँग्लर आणि नवे बीजगणित

तर्कशास्त्राच्या तासाला फळ्यावर बीजगणितासारखी चिन्हे दिसू लागली की गणिताला कंटाळून कला शाखेत आलेल्या आम्हा मंडळींना कापरे भरते. परंतु हा विषय केंब्रिजमध्ये ग्रंथरूप घेत होता, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातील एक तरुण तेथे शिकत होता.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १८७६ साली दापोली तालुक्यातील मुर्डी येथे झाला. नात्यातल्या धोंडो केशव कर्व्यांनी त्यांच्या शिक्षणाला हात दिला. मुंबई, मग पुण्याचे फर्ग्युसन आणि १८९६ मध्ये केंब्रिजचे सेंट जॉन्स. शेजारच्या ट्रिनिटी महाविद्यालयात व्हाइटहेड शिकवीत असत. त्यांचा वैश्विक बीजगणितावरील ग्रंथ १८९८ चा. अंकांत ‘क’ अधिक ‘क’ म्हणजे दोन ‘क’. पण ‘क’ म्हणजे सारे कोकणवासी असे मानले तर? कोकणवासीयांत कोकणवासी मिळवूनही समूह तोच राहतो! बूलच्या तर्कातले हे बीजगणित आणि अंकांचे बीजगणित व्हाइटहेडांनी एका मांडवाखाली आणले. पुढे १९३५ मध्ये बर्कहॉफ यांनी या विषयाला आजचे रूप दिले. त्यात चिन्ह कशाचे हा प्रश्न गौण. क्रिया कोणते नियम पाळतात एवढेच पाहावयाचे.

ट्रायपॉस परीक्षेला मात्र या नवलाईचे सोयरसुतक नव्हते. तेथे अवघड उदाहरणे झटपट सोडविण्याची कसोटी. तीत १८९९ साली परांजपे दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर पहिले आले. सीनियर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. साऱ्या देशाला आनंद झाला. १९०२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, आणि संशोधन मागे पडले ते पडलेच. याची हळहळ वाटते, हे लपवीत नाही. पण तेव्हा पुण्याला संशोधकापेक्षा शिक्षकाची निकड अधिक होती, हेही खरे.

पुढे मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री, लखनौचे कुलगुरू, ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर, अखेरीस पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, अशी पदे आली. तथापि मला मोठा वाटतो तो त्यांचा हट्ट. गृहीतक तपासल्याखेरीज पुढची पायरी चढायची नाही, ही गणिताची शिस्त त्यांनी धर्मालाही लावली. कर्मठ कोकणात वाढलेला हा माणूस उघडपणे नास्तिक म्हणून वावरला आणि बुद्धिवाद्यांच्या अखिल भारतीय संघटनेचा अध्यक्ष झाला. १९६६ साली ते वारले, तोवर त्यांनी हे मत सोडले नव्हते.