लक्ष्मीबाई टिळक : धर्मांतर आणि विवाह

जलालपूरच्या गोखले कुटुंबात १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाईंचे बालपण वडिलांच्या कडक सोवळ्याच्या धाकात गेले. १८८० मध्ये नारायण वामन टिळकांशी त्यांचा वैदिक विधीने विवाह झाला. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि हा विवाह कसोटीस लागला. जोडीदाराने धर्मांतरामुळे सहवास नाकारल्यास विवाहबंधनातून मुक्त होण्याची वाट १८६६ च्या कायद्याने धर्मांतरितांना दिली होती. टिळकांनी ती धरली नाही. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तरी काही काळ त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. जातिभेद मनातून गळाल्यावरच, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म पालटला, विवाह मात्र जुनाच राहिला. कायद्याच्या दृष्टीने त्याला चर्चमधील नव्या विधीची आवश्यकता नव्हती.

म्हणूनच लक्ष्मीबाईंचे धर्मांतर हे केवळ पतीचे अनुगमन ठरत नाही. संसार पुन्हा जुळणे आणि श्रद्धा पालटणे या दोन घटनांमधील अंतर हेच त्यांच्या स्वतंत्र निर्णयाचे प्रमाण होय. १९१९ मध्ये टिळक निवर्तल्यावर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’त मात्र त्यांनी स्वतःची वाट स्वतःच्या भाषेत नोंदविली.