कोळशाच्या खोलीतली चांदी

फोटो म्हटला की आपल्याला तो काढणारा आठवतो, नाहीतर फोटोतला चेहरा आठवतो. पण त्या फोटोसाठी लागणाऱ्या बाटल्या आणि पावडरी कुठून आल्या, त्यांचं बिल कुणी भरलं, हे कुणी विचारत नाही. हल्लीच्या मुलींना तर फोटोला रसायनं लागत होती हेच माहीत नसतं. आपल्या पिढीच्या बायकांना मात्र तालुक्याच्या स्टुडिओतली ती अंधारखोली, तो लाल दिवा आणि हायपोचा तो विशिष्ट वास अजून आठवत असेल.

बचत गटातल्या बायकांबरोबर काम करताना मला एक गोष्ट नेहमी दिसते. हातात कौशल्य असतं, मेहनतीची तयारी असते, पण कच्चा माल परवडत नाही. परवडला तर चांगला मिळत नाही. म्हणून आज अशा एका बाईबद्दल सांगावंसं वाटतं, जिचं नाव जगातल्या मोठ्या फोटोग्राफरांमध्ये घेतलं जातं आणि जी आयुष्यभर या कच्च्या मालाशीच झगडली. तिचं नाव ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन.

ज्युलिया जन्मानं आपल्याकडचीच म्हणायची. ११ जून १८१५ रोजी तिचा जन्म कलकत्त्यात झाला. वडील जेम्स पॅटल ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी, आई फ्रेंच घराण्यातली. शिक्षण बरंचसं फ्रान्समध्ये झालं. पुढे आजारपणातून उठल्यावर हवापालटासाठी ती आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केप ऑफ गुड होपला गेली. तिथे तिला दोन माणसं भेटली. एक चार्ल्स हे कॅमेरॉन. वयानं तिच्याहून वीस वर्षांनी मोठे, कायद्याचे विद्वान. मेकॉलेबरोबर भारतीय दंडसंहितेच्या मसुद्यावर त्यांनी काम केलं होतं. १८३८ साली कलकत्त्यात दोघांचं लग्न झालं. दुसरे होते सर जॉन हर्शेल, प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ. चांदीचे क्षार हायपोत विरघळतात, हे त्यांनी १८१९ मध्येच शोधून काढलं होतं. पुढे फोटो कागदावर पक्का करण्यासाठी जगभर हेच हायपो वापरलं गेलं. फोटोग्राफी नावाची नवी विद्या निघाली आहे, हे ज्युलियाला कळलं ते या हर्शेलसाहेबांकडून. तो स्नेह दोघांनी शेवटपर्यंत जपला.

१८४८ साली कॅमेरॉन कुटुंब इंग्लंडला परतलं. १८६० मध्ये त्यांनी दक्षिणेकडच्या आइल ऑफ वाइट या बेटावर, फ्रेशवॉटर गावात घर घेतलं. घराला नाव दिलं डिम्बोला. सिलोनमधल्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या, त्यांच्या कॉफीच्या मळ्याचं ते नाव. शेजारी राहायला होते कवी टेनिसन. घर नेहमी भरलेलं असायचं. स्वतःची मुलं, नातेवाइकांची पोरकी मुलं, पाहुणे, नोकर. पण मुली-मुलगे मोठे झाले, यजमान मळे बघायला सिलोनला गेले की बाईला घर खायला उठायचं. आपल्यापैकी कितीजणींना हे वय आणि हा रिकामेपणा चांगलाच ओळखीचा असेल! १८६३ च्या डिसेंबरात लेकीनं आणि जावयानं तिला एक कॅमेरा भेट दिला. एकटेपणात जरा विरंगुळा, एवढाच त्यांचा हेतू. ज्युलियाचं वय तेव्हा ४८ वर्षांचं होतं.

ज्युलियानं विरंगुळ्यावर भागवलं नाही. कोळसा ठेवायच्या खोलीची अंधारखोली केली. काचेचं खुराडं होतं, त्यातल्या कोंबड्या बाहेर काढल्या आणि तिथे स्टुडिओ थाटला. जानेवारी १८६४ मध्ये ॲनी फिलपॉट या लहान मुलीचा फोटो तिला मनासारखा जमला आणि आनंदानं ती घरभर नाचली.

आता त्या काळचा फोटो म्हणजे काय प्रकार होता, ते सांगते. एखादी कृतीच लिहून द्यावी तसं. ॲसिडात मुरवलेला कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवायचा आणि त्यात आयोडाइडचे क्षार घालायचे. हे झालं कलोडियन. ते स्वच्छ काचेवर ओतायचं आणि घावनाचं पीठ तव्यावर पसरतं तसं काच तिरकी करत चारही कोपऱ्यांपर्यंत न्यायचं. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. काच ओली आहे तोवरच ती कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत हिराकशीच्या किंवा तसल्याच दुसऱ्या पाण्यानं प्रतिमा वर आणायची. नंतर हायपो किंवा पोटॅशियम सायनाइड. होय, तेच जहाल विष! त्या काळी बोटांवरचे काळे डागसुद्धा लोक सायनाइडनं काढत. मग घागरीमागून घागरी पाणी घालून काच धुवायची, वाळवायची आणि वर वॉर्निश.

एवढं करून झाली फक्त निगेटिव्ह! कागदावर छापायला अंड्याच्या पांढऱ्याचा हात दिलेला कागद, त्यावर पुन्हा सिल्व्हर नायट्रेट, मग ऊन आणि रंग खुलण्यासाठी सोन्याचा क्षार. म्हणजे एका फोटोला चांदी दोनदा आणि सोनं एकदा. सोनाराचं दुकान आणि स्वयंपाकघर एकाच खोलीत म्हणा ना! मोठे स्टुडिओ धुवणाचं पाणीसुद्धा फेकत नसत. त्यातली चांदी परत काढून विकत.

ज्युलियाला सगळं मोठंच हवं असायचं. सुरुवातीच्या काचांवर समाधान होईना, तेव्हा तिनं पंधरा इंच बाय बारा इंचांच्या काचा घेतल्या. काच जेवढी मोठी, तेवढं कलोडियन जास्त, चांदी जास्त आणि बिघडली तर नुकसानही जास्त. फोटोसाठी माणसाला काही मिनिटं हलायचं नाही, अशी सक्ती. जरा मान हलली की ते सगळं वाया.

शिवाय माल आणायचा कुठून? फोटोची रसायनं बनवून विकणारे केमिस्ट असायचे लंडनसारख्या शहरात. तिथून माल रेल्वेनं लिमिंग्टनपर्यंत, पुढे बोटीनं खाडी ओलांडून यार्मथला आणि मग घोडागाडीनं फ्रेशवॉटरला. अशा आडगावात बाटली फुटली किंवा माल खराब निघाला तर आज सांगितलं आणि उद्या आलं, असं होत नाही. हे आपल्याला कुणी वेगळं समजावून सांगायला नको.

लोकांना वाटे, ही श्रीमंताघरची बाई, हिला काय कमी? खरी गोष्ट वेगळी होती. यजमान निवृत्त झालेले, तब्येतीनं खचलेले. घराची सगळी भिस्त सिलोनच्या कॉफीवर आणि ती नीट पिकत नव्हती. घर कर्जावर चाललं होतं. लॉर्ड ओव्हरस्टोन नावाच्या धनिक स्नेह्यानं वेळोवेळी पैसे दिले. ज्युलियानं १८६५ मध्ये स्वतःच्या फोटोंचा एक सुंदर अल्बम करून त्यांना दिला. जावयाकडूनही पैसे घ्यावे लागले. नोकरचाकर होते, हे खरं. पाण्याच्या घागरी काही ती एकटी ओढत नव्हती. पण घरात पैशाची ओढाताण असताना बाईनं चांदीच्या बाटल्या मागवायच्या म्हणजे काय, हे आपण समजू शकतो. पुरुषाने केला तर तो धंद्याचा खर्च आणि बाईनं केला तर हौस! हा हिशेब तिथेही असाच होता.

म्हणून फोटो विकून खर्च भागवायचा, असं तिनं ठरवलं. घरंदाज बाईनं पैसे मिळवणं त्या समाजात कमीपणाचं मानलं जायचं. तिनं त्याची पर्वा केली नाही. लंडनच्या कोलनागी या चित्रविक्रेत्यांमार्फत फोटो विकायला ठेवले. हक्क राखण्यासाठी पाचशेहून अधिक फोटोंची सरकारदरबारी नोंद केली. १८६५ साली साउथ केन्सिंग्टन म्युझियमनं तिचे फोटो विकत घेतले. १८६८ मध्ये तर फोटो काढण्यासाठी तिला तिथे दोन खोल्याही मिळाल्या. चार्ल्स डार्विन त्याच वर्षी फ्रेशवॉटरला राहायला आले होते. त्यांनी तिला फोटोचे पैसे दिले. बाकी टेनिसन, हर्शेल, कार्लाइल अशी मोठमोठी माणसं तिच्या कॅमेऱ्यासमोर बसली. फोटो अस्पष्ट आहेत, त्यांवर डाग आहेत, असं म्हणून फोटोग्राफीतले जाणकार टीका करत राहिले. चित्रकार मात्र वाखाणत होते. एवढं होऊनही खर्च वजा जाता हातात काही उरत नव्हतं.

या बिलांवरून एक गोड गोष्ट आठवली. मेरी रायन ही भीक मागणाऱ्या आईची मुलगी. ज्युलियानं तिला घरी आणलं, शिकवलं, घरकामाला ठेवलं आणि तिचे फोटो काढले. लंडनच्या प्रदर्शनात हेन्री कॉटन या तरुणानं तिला पाहिलं, तिचे फोटो विकत घेतले आणि तिच्या हातचं बिल म्हणे हृदयाशी जपून ठेवलं! १८६७ मध्ये त्यांचं लग्न झालं. हेच हेन्री कॉटन पुढे हिंदुस्थानात मोठे सनदी अधिकारी झाले आणि १९०४ साली मुंबईत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते.

ज्युलियाला सगळ्यात मोठा फटका मात्र बसला तो मालाचाच. १८६९ च्या सुमारास तिच्या निगेटिव्हना बारीक तडे जाऊ लागले. कलोडियनचा थर जाळीसारखा फाटायचा आणि त्याबरोबर चित्रही जायचं. पंचेचाळीस निगेटिव्ह, त्याही तिच्या जिवापाड जपलेल्या, अशा हातच्या गेल्या. तिच्या मते दोष विकत आणलेल्या कलोडियनचा किंवा वॉर्निशचा. ती फोटोग्राफिक सोसायटीत विचारायला गेली, तर तिथल्या जाणकारांना बेटावरच्या दमट हवेचा संशय आला. खरं कारण कोणतंही असो, नुकसान तिचं झालं. ज्यांनी माल विकला त्यांचे पैसे केव्हाच मिळाले होते. आपल्या गटात पापड लाल पडले की पीठवाला हवेला दोष देतो आणि आपण पिठाला, तशातलाच हा प्रकार. तिच्या निगेटिव्ह मात्र पुन्हा करता येणाऱ्या नव्हत्या. कारण समोर बसलेलं मूल मोठं झालेलं असतं आणि म्हातारा माणूस कदाचित जगात नसतो.

त्याच १८६९ मध्ये सिलोनच्या कॉफीवर तांबेरा पडला. पुढे तिथले मळेच्या मळे त्यानं बसले. १८७५ साली साठीच्या ज्युलियानं आणि ऐंशीच्या चार्ल्सनी इंग्लंड सोडलं आणि मुलांजवळ, मळ्यांजवळ राहायला ते सिलोनला गेले. सोबत दोन शवपेट्या नेल्या, त्यात सामान भरून! तिथे ताजी रसायनं मिळायची पंचाईत, तसं हवं तसं स्वच्छ पाणीही मिळेना, आणि त्यात ईथर भराभर उडून जाईल असा उकाडा. तरीही तिनं कॅमेरा टाकला नाही. मळ्यातले मजूर, गावातल्या मुली यांचे फोटो काढले. चित्रकार मेरिअन नॉर्थ पाहुणी आली, तिचेही काढले. पण सिलोनमधले तिचे तीससुद्धा फोटो आज उरलेले नाहीत. इंग्लंडमध्ये अकरा-बारा वर्षांत हजारावर फोटो काढणाऱ्या बाईचा हात वयानं थकला असेलच. पण बाटल्या मिळेनात, हेही त्याचं एक कारण होतं.

२६ जानेवारी १८७९ रोजी तिथल्या डोंगराळ भागातल्या ग्लेनकेर्न मळ्यात ती गेली. पुढच्याच वर्षी यजमानही गेले. बोगवंतलावा इथल्या चर्चच्या आवारात दोघांचं दफन झालं. तिचे फोटो मात्र राहिले. साउथ केन्सिंग्टनचं ते म्युझियम आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून ओळखलं जातं. २०१५ मध्ये तिच्या जन्माला दोनशे वर्षं झाली, तेव्हा तिथे तिचं खास प्रदर्शन भरलं. तडे गेलेले फोटोही आता मौल्यवान ठरले आहेत.

तिची हुशारी, जिद्द यांचं कौतुक सगळे करतात आणि ते योग्यच आहे. मला मात्र तिची उधारी आणि केमिस्टच्या बाटल्याही आठवतात. घरातली एखादी मुलगी किंवा सून काही करू पाहत असेल, तर शाबासकी जरूर द्या. पण त्याआधी तिला एवढं विचारा, अगं, तुला सामान काय लागतं, ते बरं कुठे मिळतं आणि त्याचे पैसे कसे उभे करायचे?