तुटलेला स्टड आणि हम्फ्री डेव्ही

कोलाडच्या एका गॅरेजमध्ये आमच्या जुन्या गाडीचा एक्झॉस्ट स्टड काढायचा होता. मेस्त्रींनी आधी तेल मारलं, मग गॅसने तापवलं, तरी पाना फिरवताच तो कट्कन तुटला. शेवटी उरलेल्या तुकड्यावर नट वेल्ड करून बाहेर काढला. स्टड पोलादी, हेड अॅल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू आणि मध्ये कोकणातला ओलावा, म्हणजे एक छोटी बॅटरीच! त्यात अॅल्युमिनियम झिजतं आणि त्याचा पांढरा थर आट्यांमध्ये घट्ट बसतो. पोलादाचा स्वतःचा गंज वेगळाच.

ही बॅटरी उलटी कामाला लावणारा माणूस म्हणजे हम्फ्री डेव्ही. जन्म १७ डिसेंबर १७७८, इंग्लंडमधल्या पेन्झन्स गावी (आपलं पेण नव्हे). वडील लवकर गेले, मग तो एका डॉक्टरकडे उमेदवारीला लागला. १८०७ मध्ये विजेच्या जोरावर त्याने पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले. १८१५ मध्ये कोळसा खाणींसाठी सेफ्टी लॅम्प बनवला. मायकल फॅरडेला मदतनीस म्हणून घेतलं तेही त्यानेच.

तेव्हा लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत. समुद्राचं पाणी ते खायचं. नौदलाने डेव्हीला उपाय विचारला. १८२४ मध्ये त्याने सांगितलं, तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे जोडा. जस्त आपले इलेक्ट्रॉन सहज सोडतं, म्हणून झिजायचं ते जस्त झिजतं आणि तांबं वाचतं.

तांबं खरंच वाचलं. पण जहाजांच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटायला लागले आणि जहाजं मंदावली. विरघळणारं तांबं विषारी असतं, तेच तर या जीवांना लांब ठेवत होतं! आमच्या भाषेत सांगायचं तर बग फिक्स झाला, पण तो बगच दुसरं काम सांभाळत होता. तुकडे काढावे लागले. डेव्हीची टर उडाली, हे मला तरी अन्यायाचं वाटतं, कारण त्याचं रसायनशास्त्र चुकलंच नव्हतं. पुढे तब्येत ढासळली आणि २९ मे १८२९ ला जिनिव्हात, पन्नाशीतच तो गेला.

आज पोलादी जहाजांना आणि जमिनीखालच्या पाइपलाइनला हेच तुकडे लावतात. स्टोरेज गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमचा रॉड असतो, तोही त्यातलाच. सर्व्हिसिंगवेळी तो किती उरलाय ते विचारा, संपला की टाकी गंजायला लागते. आमच्या नव्या स्टडना मेस्त्रींनी अँटी-सीझ ग्रीस लावलंय.