ठिपक्यांचा ताळा

दिवाळीच्या सुट्टीत जळगाव जामोदला घरी गेलो, तर अकरावीतला मामेभाऊ वही घेऊन हजर! दादा इंजिनिअरिंगला आहे म्हणजे त्याला सगळंच येतं, हा त्याचा समज. कार्बन डायऑक्साइडची लुईस रचना त्यानं दोन तऱ्हेनं काढली होती. एकीत कार्बनच्या दोन्ही बाजूंना दुहेरी बंध, दुसरीत एकीकडे तिहेरी आणि दुसरीकडे एकेरी. दोन्हींत इलेक्ट्रॉन सोळाच, प्रत्येक अणूभोवती आठच. मग दुसरी चूक कशी?

खरं सांगतो, मलाही आठवायला वेळ लागला. बंधातले इलेक्ट्रॉन दोन्ही अणूंना निम्मे-निम्मे वाटायचे आणि अणूजवळ मुळात असलेल्या बाह्य इलेक्ट्रॉनांशी ताळा करायचा. पहिलीत सगळ्यांचा हिशेब शून्य येतो. दुसरीत एका ऑक्सिजनवर अधिक एक, दुसऱ्यावर उणे एक. उगाच प्रभार निर्माण करणारी रचना मागे पडते.

मित्रहो, ज्यांच्या नावानं आपण हे ठिपके काढतो, ते गिल्बर्ट न्यूटन लुईस ऑक्टोबर १८७५ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात जन्मले. बालपण नेब्रास्कात, सुरुवातीचं शिक्षण घरीच. १८९९ साली हार्वर्डची डॉक्टरेट. मध्ये काही काळ थेट मनिलात, वजनमापांच्या सरकारी कचेरीत नोकरी! १९१२ मध्ये ते बर्कलीला गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

१९०२ च्या सुमारास वर्गात शिकवताना त्यांनी अणू म्हणजे एक घन असं चित्र काढलं. आठ कोपरे, आठ इलेक्ट्रॉन. पण ते छापलं नाही. तब्बल चौदा वर्षं कल्पना वहीतच! १९१६ साली निबंध आला, त्यात दोन अणू इलेक्ट्रॉनांची एक जोडी वाटून घेतात हा विचार होता. दोन घनांची कड सामाईक झाली की एकेरी बंध, बाजू सामाईक झाली की दुहेरी. तिहेरी मात्र घनांतून जमेना. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. लुईस यांनी त्याच निबंधात घन बाजूला ठेवला आणि जोड्या चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर मांडल्या.

१९१९ पासून आयर्विंग लँगम्यूर यांनी ही कल्पना व्याख्यानं देत गावोगाव पोचवली. सहसंयुजा हा शब्दही त्यांचाच. लोक सिद्धांताला लँगम्यूरचंच नाव देऊ लागले, हे लुईस यांना फार लागलं. १९३२ मध्ये लँगम्यूर यांना नोबेल मिळालं, ते पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी. लुईस यांचं नाव ४१ वेळा सुचवलं गेलं, पण मिळालं एकदाही नाही.

आपण परीक्षेत आठाचा नियम देववाक्य मानतो. लुईस स्वतः तसं मानत नव्हते! १९२३ च्या पुस्तकात त्यांनी आठपेक्षा दोनाला, म्हणजे जोडीला, जास्त महत्त्व दिलं. बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच असतात. नायट्रिक ऑक्साइडमध्ये एकूण अकरा, म्हणजे एक बिचारा एकटाच. ऑक्सिजननं तर त्यांना छळलंच. दुहेरी बंधाची आकृती सगळ्या ताळ्यांत पास, पण द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाला चिकटतो! म्हणजे दोन इलेक्ट्रॉन सुटे हवेत. १९२४ साली लुईस यांनी दोन रेणू एकत्र येऊन चार अणूंचा रेणू बनतो असं सुचवून पाहिलं. सुट्या इलेक्ट्रॉनांचं कोडं मात्र १९२९ मध्ये लेनर्ड-जोन्स यांनी रेणवीय कक्षकांच्या आधारे सोडवलं.

२३ मार्च १९४६ रोजी लुईस बर्कलीच्या प्रयोगशाळेतच मृतावस्थेत सापडले. त्या दिवशी ते हायड्रोजन सायनाइडवर काम करत होते. कारण हृदयविकाराचं दिलं गेलं, तरी कुजबुज पुढे बरीच वर्षं चालली.

हे सगळं मामेभावाला सांगून झालं, तर पठ्ठ्या विचारतो, ऑक्सिजन पेपरात कसा काढू? म्हटलं, दुहेरी बंधच काढ बाबा, मार्क त्यालाच आहेत.