लुटुपुटूच्या लढाईचा कायदेपंडित

एच. जी. वेल्स म्हटलं की 'टाइम मशीन' आठवतं, नाहीतर मंगळावरून आलेले ते तीन पायांचे राक्षस. पण हा माणूस वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षीही जमिनीवर गुडघे टेकून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाया खेळत होता, इतकंच नाही तर त्या लढायांचे नियम पुस्तकात छापत होता, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'सारखे रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्यांनी तर वेल्सचे आभारच मानायला हवेत. नियम थोडे असले की खेळ मजेत चालतो, पण तलवारीला तलवार भिडली की सगळं अडतं. कोण मेलं, कोण वाचलं, हे ठरवायचं कुणी? हॉस्टेलवर कॅरममध्ये क्वीन कव्हर झाली की नाही यावरून रात्री दोनला जी भांडणं होतात, तीच ही!

वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ चा, लंडनजवळच्या ब्रॉम्लीतला. वडील जोसेफ यांचं चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान कधी नीट चाललं नाही, पण क्रिकेट मात्र झकास. १८६२ मध्ये केंटकडून खेळताना त्यांनी ससेक्सच्या चार विकेट्स ओळीने चार चेंडूंत काढल्या होत्या. घरात पैसा नव्हता, त्यामुळे आई एका जमीनदाराच्या वाड्यावर हाउसकीपर झाली. मुलाला कापडाच्या दुकानात उमेदवारीला घातलं. दिवसाला तेरा तास काम! तिथून तो अक्षरशः पळाला, एका शाळेत शिकवू लागला आणि १८८४ मध्ये स्कॉलरशिप मिळवून लंडनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये दाखल झाला. आठवड्याला एक गिनी, आणि शिकवायला साक्षात थॉमस हक्सली.

पुढची गोष्ट मात्र आपल्यापैकी बऱ्याच जणांना ओळखीची वाटेल. पहिलं वर्ष उत्तम. मग डिबेट, मग कॉलेजचं मासिक (हे त्यानेच सुरू केलं), आणि १८८७ मध्ये जिऑलॉजीत सपशेल नापास. डिग्रीशिवाय बाहेर. ती त्याने बाहेरून परीक्षा देऊन १८९० मध्ये मिळवली. 'टाइम मशीन'चा पहिला कच्चा अवतार १८८८ मध्ये त्याच कॉलेजच्या मासिकात छापून आला होता, ही गोष्ट आमच्या संपादक मंडळाने नोट करून ठेवावी!

१८९५ मध्ये 'टाइम मशीन' पुस्तकरूपाने आलं आणि गरिबी संपली. सँडगेटला समुद्राकाठी घर झालं, जिप आणि फ्रँक असे दोन मुलगे झाले. खेळाची सुरुवात अगदी सहज झाली. एकदा जेवण झाल्यावर मुलांची खेळणी पसरलेल्या खोलीत 'थ्री मेन इन अ बोट'वाला जेरोम के. जेरोम बसला होता. समोर स्प्रिंगने लाकडी गोळी उडवणारी छोटी तोफ होती. त्याने खुर्ची ओढली, नेम धरला आणि एक शिपाई पाडला. झालं! दोघेही पोरांसारखे नेमबाजीला लागले. त्यातूनच पुढे १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे पुस्तक आलं.

खेळ असा. पायदळ एका चालीत एक फूट सरकणार, घोडदळ दोन फूट. तोफेपासून सहा इंचांच्या आत आपली किमान चार माणसं असतील तरच ती चालणार, आणि एका चालीत एकतर ती हलवायची नाहीतर चार गोळ्या मारायच्या. गोळीबारात वाद फारसा नाही, कारण शिपाई एकतर पडतो किंवा पडत नाही. खरी गोची हातघाईची. दोन शिशाचे शिपाई शेजारी ठेवले तर ते आपणहून थोडेच मरतात?

प्रशियाच्या सैन्यात 'क्रीगस्पील' नावाचा खेळ होता. त्यात फाशांची नि नुकसानीची लांबलचक कोष्टकं असत. १८७६ मध्ये जनरल व्हेर्डी द्यु व्हेर्नोआने कोष्टकं बाजूला ठेवून सगळं पंचाच्या अनुभवावर सोडलं. वेल्सला दोन्ही नको होतं. कोष्टक नको आणि पंचाची मर्जीही नको.

सोपा नियम म्हणजे माणसाला माणूस, दोघेही मेले. पण मग वीस जणांत पाच घुसवले की मरता मरता तेही पाच जणांना घेऊन जाणार. म्हणजे वेडं धाडस फुकटात! खऱ्या लढाईत असे पाच जण हात वर करतात. म्हणून वेल्सने 'एकाकी' तुकडीची व्याख्या केली. आपल्या संख्येच्या निम्मी तरी मदत एका चालीच्या अंतरात नसेल तर ती तुकडी एकाकी. तिच्यापेक्षा शत्रू जितका जास्त, तितके तिचे शिपाई कैदी, आणि उरलेल्यांचं माणसाला माणूस. नऊ एकाकी शिपायांवर अकरा चालून आले तर दोन कैदी, दोन्हीकडचे सात-सात ठार, आणि जिंकणाऱ्याचे चार शिल्लक. पाचांवर दहा आले तर पाचही कैदी, रक्ताचा थेंब नाही. फक्त एक वजाबाकी! पण तेवढ्याने तुकड्या एकमेकींच्या जवळ ठेवणं खेळाडूला आपोआप भाग पडतं. मला विचाराल तर ही त्याची सर्वांत सुंदर इंजिनिअरिंग. तोफ जिंकल्याची व्याख्याही अशीच पक्की. सहा इंचांत तिच्या मालकाचा एकही माणूस नको, आणि शत्रूचे किमान चार जण तिच्या चाकांच्या आसापलीकडे गेलेले हवेत. आता घाला वाद!

पुस्तकाच्या शेवटी त्याने सुचवलं होतं की युद्धाची खुमखुमी असलेल्या राजांना नि सेनापतींना एका मोठ्या दालनात असाच खेळ मांडून द्यावा, बाकीच्यांना सुखाने जगू द्यावं. पुढच्याच वर्षी, १९१४ च्या ऑगस्टमध्ये, महायुद्ध पेटलं. आणि हाच वेल्स त्या युद्धाच्या बाजूने हिरिरीने लिहू लागला! हे युद्ध युद्धालाच संपवेल, असं त्याला खरंच वाटत होतं. तसं झालं नाही, आणि ते वाक्य आयुष्यभर त्याच्या मागे लागलं. मग राष्ट्रसंघाचा पुरस्कार, जगाचा इतिहास, १९४० मध्ये मानवी हक्कांवर पुस्तक. नियम लिहायची खोड गेली नाही, फक्त पट मोठा झाला. अणुबॉम्ब हा शब्द त्याने १९१४ च्या कादंबरीत वापरला होता, तो बॉम्ब हिरोशिमावर पडलेला त्याला पाहावा लागला. १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनमध्ये तो वारला.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आलं १९७४ मध्ये. त्याच्या दोन कर्त्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, याने २००४ मध्ये 'लिटल वॉर्स'च्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. पुस्तकाचा कॉपीराइट आता संपलेला आहे. खेळायला प्रत्येकी दोन दोऱ्या लागतात, एक दोन फुटांची आणि एक सहा इंचांची, अंतर मोजायला. वेळ बघायला घड्याळ हवं. तोफा मिळणं कठीण, पण वर्कशॉपला स्प्रिंगा पडलेल्या असतात, आणि कॉरिडॉर पुरेसा लांब आहे.