पुस्तकाने रेडिओ लहर अडवणारे जगदीशचंद्र बोस

पोलराइज्ड गॉगल घालून मोबाइलकडे बघा आणि मोबाइल हळूहळू फिरवा. बऱ्याच फोनची स्क्रीन एका कोनात काळी पडते. स्क्रीनमधून येणारी प्रकाशाची लाट ठरावीक दिशेत डोलते आणि गॉगल एकाच दिशेचं डोलणं आत सोडतो, म्हणून असं होतं. याला पोलरायझेशन, म्हणजे ध्रुवीकरण म्हणतात. रेडिओ लहरींनाही ते असतं. कोलकात्यात १८९५ मध्ये ते टेबलावर करून दाखवलं जगदीशचंद्र बोस यांनी.

बोस म्हटलं की आपल्याला झाडांवरचे प्रयोग आठवतात. मी सॉफ्टवेअरवाला, मूळचा हिमायतनगरचा. मला त्यांचं रेडिओचं काम जास्त भावतं.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, मैमनसिंगचा. ते आता बांगलादेशात आहे. सुरुवातीची शाळा बंगाली माध्यमाची. पुढे कोलकाता, मग लंडन आणि केंब्रिज. १८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले. तिथे भारतीय प्राध्यापकांना इंग्रजांपेक्षा कमी पगार असायचा. बोसांनी तो घेतलाच नाही. घरावर कर्ज असूनही तीन वर्षं बिनपगारी शिकवलं. शेवटी सरकारने त्यांना पूर्ण पगार मागच्या फरकासकट दिला.

कॉलेजात धड प्रयोगशाळा नव्हती. पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराला हाताशी धरून त्यांनी उपकरणं बनवून घेतली. जर्मनीच्या हर्ट्झने १८८८ मध्ये रेडिओ लहरी निर्माण करून दाखवल्या होत्या, पण त्या लांबीने मोठ्या. बोसांनी लहर सुमारे ५ मिलिमीटरपर्यंत आणली. म्हणजे साधारण ६० गिगाहर्ट्झ, ५जीच्या मिलिमीटर वेव्हच्या घरातली! लहर लहान झाली, म्हणून सगळा प्रयोग टेबलावर मावला.

आता गंमत बघा. त्यांनी रेल्वेचं जाडजूड वेळापत्रक घेतलं आणि पानापानांत टिनचा पातळ वर्ख घातला. वर्खाला समांतर डोलणारी लहर अडली, काटकोनात डोलणारी आरपार गेली. झाला रेडिओचा गॉगल! १८९८ मध्ये त्यांनी तागाच्या पिळलेल्या जुड्या वापरल्या. आपल्याकडे अंबाडीचे दोर वळतात तशाच. उजवा पीळ असेल तर लहरीची दिशा एकीकडे वळायची, डावा असेल तर उलट.

ही दिशा आकाशातही वळते. पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गरगर फिरणारा गाभा. १९८२ मध्ये पहिला मिलिसेकंद पल्सार सापडला, सेकंदाला ६४२ फेऱ्या मारणारा. शोधणाऱ्या टीममध्ये आपल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. अशा पल्सारची लहर वाटेतल्या इलेक्ट्रॉन आणि चुंबकीय क्षेत्रातून येते, तेव्हा तिची दिशा फिरते. लहर जितकी लांब, तितकी जास्त. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर हे फिरणं मोजलं की वाटेतल्या चुंबकीय क्षेत्राचा अंदाज येतो.

पुणे जिल्ह्यात खोडदजवळ जीएमआरटी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. प्रत्येक अँटेना लहरीचे दोन भाग वेगळे पकडते आणि त्यांवरून सॉफ्टवेअर चार आकडे काढतं: एकूण तीव्रता, सरळ डोलण्याचे दोन आणि गोल फिरण्याचा एक. एका भागाचं अँप्लिफिकेशन जरा जास्त झालं, तर नसलेलं पोलरायझेशन दिसतं, पल्सचा आकार बिघडतो आणि तो पोचल्याची वेळ चुकते. मिलिसेकंद पल्सारच्या बाबतीत मायक्रोसेकंदही महत्त्वाचा, कारण याच वेळांच्या फरकातून संथ गुरुत्वीय लहरी शोधतात. वेगवान गुरुत्वीय लहरींसाठी आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होतंय.

बोसांना पेटंटमध्ये रस नव्हता. उपकरणं कशी चालतात ते ते उघड सांगायचे. मित्रांच्या आग्रहाखातर घेतलेलं गॅलिना क्रिस्टलच्या डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये मिळालं, पण त्यातून त्यांनी पैसा केला नाही. पुढे ते वनस्पतींकडे वळले. १९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट उभारली, स्वतःच्या वाढदिवशी.

२३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीहला ते गेले. पहिला पल्सार सापडला तो त्यानंतर ३० वर्षांनी.