विहीर न खणणारा तेलसम्राट

मंडळी, तेल म्हटलं की आपल्याला टेक्सास नाहीतर आखाती देश आठवतात. पण या धंद्यातलं बरंचसं रामायण आपल्या ओहायोतच घडलं, डब्लिनहून गाडीने दोन तासांवरच्या क्लीव्हलंडमध्ये! त्याचा नायक (पुष्कळांच्या मते खलनायकच) जॉन डी. रॉकफेलर.

जन्म १८३९ चा, न्यूयॉर्क राज्यातला. वडील गावोगाव औषधं विकत हिंडायचे, महिनोन्‌महिने घरी पत्ता नसायचा. आई धार्मिक आणि काटकसरी. २६ सप्टेंबर १८५५ ला, सोळाव्या वर्षी, जॉनला क्लीव्हलंडमध्ये मदतनीस हिशेबनीसाची नोकरी लागली. हा दिवस तो आयुष्यभर सणासारखा साजरा करी.

१८५९ साली शेजारच्या पेनसिल्व्हेनियात, टायटसव्हिलला, ड्रेकच्या विहिरीला तेल लागलं आणि एकच झुंबड उडाली. कायदा असा की जो उपसेल त्याचं तेल. मग काय, शेजाऱ्याने डेरिक उभारलं की आपणही घाईघाईने भोक पाडायचं, नाहीतर आपल्या जमिनीखालचं तेल त्याच्या पिंपात! इतकं तेल निघालं की १८६१ च्या अखेरीस पिंपाचा भाव १० सेंटवर आला.

रॉकफेलर या शर्यतीत उतरलाच नाही. विहीर म्हणजे जुगार. पण तेल कोणाचंही निघो, ते शुद्ध तर करावंच लागणार, हे त्याने ओळखलं. १८६३ मध्ये तो रिफायनरीत शिरला, १८६५ मध्ये भागीदारांचा हिस्सा लिलावात ७२,५०० डॉलरला घेतला आणि १८७० साली स्टँडर्ड ऑइल काढली. रेल्वेकडून गुपचूप भाड्यात सूट मिळवली. १८७२ मध्ये काही आठवड्यांत क्लीव्हलंडमधल्या २६ प्रतिस्पर्ध्यांपैकी २२ जण त्याने गिळले. हातघाईला आलेल्या विहीरवाल्यांत आयडा टार्बेलचे वडीलही होते. त्याच मुलीने पुढे १९०४ साली कंपनीचा सगळा इतिहास पुस्तकात मांडला.

१८८५ मध्ये आपल्या लायमाला तेल लागलं, पण गंधकाने घाण वास मारणारं. संचालक कचरले, तेव्हा स्वतःचे ३० लाख डॉलर लावायला हा तयार झाला. हर्मन फ्राश या रसायनतज्ज्ञाने गंधक काढायची युक्ती शोधली आणि डाव जिंकला.

१८९२ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे इथे कोलंबसलाच, कंपनीला ट्रस्टमधून बाहेर पडायचा हुकूम दिला. पठ्ठ्याने बस्तान न्यूजर्सीला हलवलं! शेवटी १९११ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३४ तुकडे केले. गंमत म्हणजे तुकड्यांचे शेअर वधारून तो आणखीच श्रीमंत झाला.

त्याने ५० कोटी डॉलरहून जास्त दान केलं. शिकागो विद्यापीठ त्यातूनच उभं राहिलं. १९३७ साली ९७ व्या वर्षी तो गेला.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही विहिरी खणणारे पुष्कळ आणि सगळ्यांचा माल ज्याच्या दारातून जातो असा एखादाच. म्हणून मला त्याच्या हुशारीचं कौतुक वाटतं. पण दानाच्या पावत्या त्या २२ जणांच्या नावाने फाडल्या गेल्या नव्हत्या. क्लीव्हलंडच्या लेक व्ह्यू स्मशानभूमीत त्याचा उंच स्तंभ आहे. मुलांना दाखवायला न्याल तेव्हा त्यांना दोन्ही गोष्टी सांगा.